पिंपळाखालची हरणं

परवा नातीनं ॲक्रिलिक रंगांची पेटी आणून दिली. "आज्जी, हे रंग लगेच वाळतात," म्हणाली. मी एवढी हसले की कवळी सांभाळावी लागली. लगेच वाळणारा रंग माझ्या वेळी मिळाला असता तर चाकूरच्या एका वरबापाचं पांढरंशुभ्र धोतर वाचलं असतं. मोठे चित्रकार रंग तेलात कालवतात असं मला कुठूनसं कळलं होतं. कुठल्या तेलात, हे विचारायला मी थांबले नाही. अर्धं ऐकून पुढं पळायचं हा माझा जन्मजात गुण. मायच्या बरणीतलं करडईचं तेल घेतलं, त्यात दुकानातला सुटा भुकटीचा रंग कालवला आणि पुठ्ठ्यावर झकास सूर्यास्त काढला. तो सूर्यास्त काही वाळेना. उन्हात ठेवला, चुलीजवळ ठेवला, मुंग्या त्यावरून हिंडून गेल्या, दोन माशा कायमच्या वस्तीला राहिल्या. शेवटी तसाच ओला तो मैत्रिणीच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर गेला, आणि टेबलाला टेकून उभ्या राहिलेल्या वरबापाच्या धोतराला मावळतीचा सगळा लाल रंग लागला, तोही अशा जागी की कुणाला सांगायची सोय नाही. बिचारे अख्ख्या लग्नात तसेच फिरले. मी मात्र मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहून विचार करत होते, की रंग उठून किती छान दिसतोय.

लातूरचं आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली डाळ मिल. मिल सुरू झाली की फडताळातली भांडी एकमेकींशी कुजबुजायला लागायची आणि तुरीचा पिवळा भुस्सा दारातून, खिडकीतून, पत्र्याच्या फटीतून घरात यायचा. माय भाकरीच्या पिठावर फडकं झाकायची. माझ्या चित्रावर झाकायला दुसरं फडकं नव्हतं. त्यामुळे माझे जलरंग सुरुवातीपासूनच डाळीच्या रंगाचे झाले. निळं आभाळ काढावं तर वाळेपर्यंत त्याची हिरवी चटणी व्हायची. मग मी जलरंग सोडून काळ्या मखमलीकडं वळले. मखमल रंग पिते, आणि मला थांबणं ठाऊक नव्हतं. एका गुलाबाच्या पाकळीत रंगाची अख्खी डबी गेली आणि वाळल्यावर ती पाकळी चपलेच्या तळव्यासारखी कडक झाली. त्यानंतर दात घासायच्या ब्रशनं शिंतोडे उडवायचा प्रकार केला. झाडाचं पान कागदावर ठेवायचं, भोवती रंग उडवायचा, पान उचललं की पांढरं पान उरतं. ते जमलं, पण दादांचा कचेरीत जायचा सदरा त्याच भिंतीला खुंटीवर होता. दादा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. त्या दिवशी साहेबानं त्यांना विचारलं म्हणे, घरी गोवर आलाय का.

शेवटी मला काच सापडली. फ्रेमवाल्याकडून तुकडे आणायचे, खाली कॅलेंडरातलं चित्र ठेवायचं आणि वरून काढायचं. काचेवर सगळं उलट असतं. आधी डोळ्यातला ठिपका, मग डोळा, मग मान, सगळ्यात शेवटी आभाळ. आणि काच पालटली की कॅलेंडरात डावीकडं बघणारा हंस भिंतीवर उजवीकडं बघायला लागतो. मागून सिगारेटच्या पाकिटातली चांदी चुरगाळून लावली की पाणी चमकायचं. लोक म्हणायचे, मंदीच्या हातात जादू हाय. मी मान खाली घालून लाजायचे. खाली कॅलेंडर असतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हळूहळू माझं मलाही आठवेनासं झालं होतं. तरुणपणी माणूस स्वतःला फसवताना किती मन लावून काम करतो!

आमच्याकडं लग्नात नवरीच्या हातच्या वस्तू रुखवतात मांडतात. हातच्या म्हणजे कुणाच्या तरी हातच्या. एकीचं विणकाम मावशीनं केलेलं, दुसरीचं भरतकाम शेजारणीनं. पण खाली नाव नवरीचं. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, वरपक्षालाही नाही, कारण त्यांच्या पोरींच्या रुखवतात तेच असायचं. तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या नवरीमुलींच्या रुखवतातली चित्रं मी काढायचे आणि कोपऱ्यात वळणदार अक्षरात त्यांची नावं घालायचे. माझे हंस चाकूरला गेले, किल्लारीला गेले, एक जोडी तर थेट किनवटच्या जंगलात नांदायला गेली. नावं त्यांची आणि मिजास माझी, असा हिशेब चालला होता. तोपर्यंत कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या वेळी.

शकूअक्का माझ्याहून थोरली. शांत, उंच, हिशोबाला पक्की, आणि चित्राच्या बाबतीत अशी की तिनं काढलेला आंबा आणि तिनं काढलेली चप्पल यांत फरक ओळखू यायचा नाही. तिला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मुलगा सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा; सगळा वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होता. बोलत होती त्याची आई. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांना सगळेच हेडबाई म्हणत, पोटची पोरंसुद्धा. कडक इस्त्रीची सुती साडी, बोटांच्या पेरांत खडू. नवरा लवकर गेलेला, दोन मुलं एकटीनं शिकवलेली. माय आत मुरमुरे भिजवून सुशीला करत होती, मी बशा घेऊन दारात उभी, आणि हेडबाई चष्मा वर करून भिंतीवरचा माझा हंस बघत होत्या.

"हे कुणी काढलं?"

दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अक्काकडं. "आमच्या शकूनं."

माझ्या तोंडातून "ऑ" निघणार तेवढ्यात मायनं मागून असा चिमटा काढला की बशीतले शेंगदाणे उडाले. हेडबाईंनी काचेवरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे," म्हणाल्या. मग दादांकडं वळल्या. "हे बघा, आम्हाला देणं-घेणं काही नको. पोरगी गुणाची पायजे. पण जो गुण सांगितला, तो असला पायजे. खोटं मला वर्गातबी चालत न्हाई आन् घरातबी."

पाहुणे गेल्यावर अक्का म्हणाली, "दादा, हे कामून बोललात?" दादा म्हणाले, "आगं, लग्न झाल्यावर कोण तुला हंस काढायला बसवतंय? भाकऱ्या बडवायच्या हायेत." आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. सोयीच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला वेळ लागत नाही.

लग्न झालं. आमच्या बौद्ध लग्नातल्या रीतीच्या पांढऱ्या साडीत अक्का अशी दिसत होती की माझे सगळे हंस फिके. रुखवतात माझ्या पाच-सात काचा होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात शकुंतला. हेडबाईंनी प्रत्येक नाव वाचलं, शाळेत हजेरी घ्यावी तसं. आणि पाठराखीण म्हणून, म्हणजे नवरीला सासरी नवखं वाटू नये म्हणून तिच्यासोबत चार दिवस राहायला, पाठवलं मला. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचेपर्यंत अक्कानं माझा हात सोडला नाही. मला वाटलं, माहेर सुटल्याचं दुःख. तिची बोटं माझ्या बोटांवर, ब्रश धरायच्या त्या तीन बोटांवर घट्ट होती, हे मला फार नंतर उमगलं.

नांदेडच्या घरात पुढची खोली नुकतीच बांधलेली होती. ओल्या चुन्याचा वास, उंबऱ्यावर सिमेंटचे थेंब, आणि समोर आडवी पसरलेली पांढरी भिंत. पहिल्याच दिवशी दुपारी गोदावरीच्या माशाचं कालवण झालं. असं तिखट की माझ्या कानातून वाफा आल्या. शेजारच्या दोन बायका नवरी बघायला आल्या. हेडबाईंनी अक्काची ओळख करून दिली आणि मग चहाचे कप घेऊन येणाऱ्या थोरल्या सुनेकडं बोट केलं. "आन् ही आमची शिवणवाली. हिच्या बापानं सांगितलं होतं, पोरगी मशीनवर पोलकं शिवती. मशीन आणून ठेवली. अजून धूळ पुसून राहिलो आम्ही." बायका हसल्या. सुमनवहिनीही हसल्या, पण फक्त ओठांनी. त्यांची दोन पोरं शाळेत जात होती. म्हणजे एवढी वर्षं, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर, चहाच्या प्रत्येक कपाबरोबर त्या शिवणवाली होत होत्या. कोपऱ्यात ती मशीन फुलाफुलांच्या झाकणाखाली उभी होती. अक्काची नजर त्या झाकणावरून हटेना. मी तिच्या हातातला गार झालेला चहा हळूच काढून घेतला.

बायका गेल्यावर हेडबाई त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "शकुंतला, ही भिंत मी तुझ्यासाठी ठेवली आहे. इथं पिंपळ काढायचा, आणि त्याच्याखाली बसलेली दोन हरणं. रविवारी भन्तेजी येणार, वंदना होणार, शाळेतल्या बायका येणार. तेव्हाच सगळ्यांसमोर काढ. मला बघायचंय, हात कसा चालतो."

"जी," अक्का म्हणाली.

तिथून पुढं त्या घरातला प्रत्येक आवाज मला हेडबाईंच्या चपलांचा वाटायला लागला. शाळेची वेळ झाली, त्या गेल्या, की आम्ही दोघी गच्चीवर. मी खडूनं फरशीवर हरीण काढून दाखवायचे, अक्का त्याच्या शेजारी काढायची. पहिल्या दिवशीचं हरीण उशीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी उशीला पाय फुटले. "मान अशी, नदीच्या वळणासारखी," मी मोठ्या मास्तरणीच्या थाटात सांगत होते. अक्कानं खडू भिरकावला.

"तुझ्या हंसांनी माझा गळा कापला, मंदे! मी आताच जाते आन् बाईंला सांगते."

"वेडी हायेस का? जन्मभर चित्रवाली म्हणतील. सुमनवहिनीचं बघितलं न्हाईस?"

"बघितलं. म्हणूनच रातीला झोप न्हाई मला."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. गच्चीच्या कठड्याला धरून नुसती उभी राहिली. आणि मी? बहिणीचा संसार टांगणीला लागलेला असताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगते, कारण आता माझ्यावर रागवायचं कुणाचं वय उरलं नाही. मी विचार करत होते, की त्या भिंतीवर पिंपळ किती छान दिसेल, आणि सगळे अक्काचं कौतुक करत असताना माझ्या चेहऱ्यावर कसं शांत, थोरामोठ्यांसारखं हसू असेल. अशी होते मी. कान धरून उठाबशा काढाव्यात अशी.

युक्ती मात्र मलाच सुचली. दवाखान्यात जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्म पडून असतात. लातूरला रांगोळीचे छापे त्यांचेच करत. अक्कानं दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्या आणायला सांगितल्या. दाजींनी सायकलच्या कॅरियरला लावून आणल्या. "रांगोळीला का?" विचारलं. "हाव," अक्का म्हणाली. दाजी थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले, लग्नानंतर पहिल्यांदाच पायांऐवजी चेहऱ्याकडं, आणि हात धुवायला गेले. मी शेजारच्या पोराच्या पुस्तकातलं हरणाचं चित्र चौकटी पाडून मोठं केलं आणि ब्लेडनं फिल्म कापली. उजेडात धरली की हरणाच्या पोटात कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. अक्का म्हणाली, "कुणाची असंल गं ही छाती? वाचला असंल का तो?" मी म्हटलं, "गप, शिंग तुटंल."

बेत असा होता. शनिवारी हेडबाई शाळेत असताना छाप्यांवरून भिंतीवर पेन्सिलीच्या अगदी बारीक रेषा मारून ठेवायच्या, चार हात लांबून दिसणार नाहीत अशा. रविवारी अक्कानं नुसता त्या रेषांवरून ब्रश फिरवायचा. मी स्टुलावर चढले, अक्का छापा धरून उभी. पिंपळाचं खोड झालं, फांद्या झाल्या, पहिलं हरीण झालं. दुसऱ्याच्या मानेशी आले आणि मागं दार वाजलं. सुमनवहिनी सुपात ज्वारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडं बघितलं, अक्काच्या हातातल्या बरगड्यांच्या हरणाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. मला वाटलं, संपलं. ही बाई एवढी वर्षं ज्या बोचणीखाली जगली, ती आता दुसरीच्या गळ्यात घालायची संधी तिला आयती मिळालीय. कुणी सोडील का?

"शनिवारची शाळा सकाळची असती," त्या म्हणाल्या. "बाई येतीलच आता. बिगी आवरा." आणि सूप पाखडत पुढं गेल्या. दारातून वळून एवढंच बोलल्या, "माझ्याबी येळंला कुणी तरी असं यायला पायजे होतं."

दुसऱ्या हरणाची मान कशीबशी पुरी केली, छापे ट्रंकेमागं सारले, आणि हेडबाईंच्या चपला उंबऱ्याशी वाजल्या. त्यांनी भिंतीकडं बघितलं. त्यांना काही दिसलं नाही. संध्याकाळी दाजींनी आम्हा दोघींना गोदावरीच्या घाटावर नेलं, भेळ खाऊ घातली. अक्का कितीतरी दिवसांनी हसली. परतलो तर लाईट गेलेली. कंदिलाच्या उजेडात जेवलो आणि झोपलो.

सकाळी मी उठून पुढच्या खोलीत गेले. भिंत कोरी होती. खोड नाही, फांदी नाही, हरीण नाही. आम्ही घाटावर असताना रंगारी येऊन चुन्याचा राहिलेला दुसरा हात मारून गेला होता. माझ्यामागं अक्का येऊन उभी राहिली. तिनं भिंत बघितली. मी पुटपुटले, "छापे हायेत, मी काही तरी..." पण अंगणात सतरंज्या पडत होत्या, भन्तेजींसाठी पांढरं कापड अंथरलं जात होतं, आणि शाळेतल्या बायका जयभीम घालत आत येत होत्या. वंदनेला अक्का माझ्या शेजारी हात जोडून बसली. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं वचन आलं तेव्हा सगळ्यांचा आवाज एक झाला, तिचा मात्र थांबला. मी कोपरानं ढोसलं. ती पुढचं म्हणाली, पण ते वाक्य तिनं गाळलं ते गाळलंच.

खिरीच्या वाट्या फिरल्या. हेडबाईंनी रंगाचे डबे स्वतः उघडून मांडले आणि अक्काच्या हातात ब्रश दिला. अख्खी खोली भिंतीकडं तोंड करून बसली होती. दारात दाजी, त्यांच्यामागं सुमनवहिनी. अक्कानं ब्रश तपकिरी रंगात बुडवला. उचलला. एक थेंब फरशीवर पडला. मी मनातल्या मनात तिचा हात धरून रेषा ओढत होते: वर, वर, आता वळव. ब्रश भिंतीजवळ गेला आणि तिथंच थांबला. मग अक्का वळली.

"बाई, मला चित्र काढता येत न्हाई."

कुणाच्या तरी वाटीत चमचा वाजला.

"रुखवतातली समदी चित्रं हिनं काढलीत. आमच्याकडं पद्धतच हाय तशी, समदे करतात. ह्या भिंतीवर काल मी हिच्याकडून रेषाबी मारून घेतल्या होत्या, चुन्यात गेल्या. तुमी मला काय म्हणायचं ते म्हणा. पण रोज इथंच बसून जेवायचं हाय मला. समोर खोटं झाड ठिवून घास उतरणार न्हाई." एवढं बोलून तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

हेडबाईंनी सुमनवहिनींकडं बघितलं, का ते मला आजही सांगता येणार नाही. मग नजर माझ्यावर आली.

"मग हात तुझा?"

"हो," मी म्हणाले.

"ये पुढं. काढ."

झालं! जन्मभर ज्याची वाट बघितली ते झालं. भरल्या खोलीत माझ्या नावाची घोषणा. ट्रंकेमागं छापे होते. "थांबा, आणते" म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण नुकतीच कलाकार म्हणून जाहीर झालेली बाई ट्रंकेमागून कुणाच्या तरी बरगड्या काढून आणील का? मी पदर खोचला, ब्रश उचलला आणि भिंतीसमोर उभी राहिले. आणि तेव्हा, तिथं, मला पहिल्यांदा आठवलं, की खाली कॅलेंडर नाही.

पिंपळ कसाबसा झाला. झाडाचं बरं असतं, फांदी कुठंही गेली तरी कुणी जाब विचारत नाही. हरणांना सुरुवात केली. सवयीनं आधी डोळ्यातला ठिपका काढला, मग डोळा, आणि मग त्या डोळ्याभोवती तोंड कुठं बसवावं ते कळेना. मान वळणदार काढायला गेले, आखूड झाली. पाय दुमडायला गेले, ते सरळ उभे राहिले. शिंगांना जागाच उरली नाही, म्हणून कान लोंबते काढले. हनुवटीशी तपकिरी रंग ओघळला, तो पुसायला गेले तर दाढी झाली. दुसऱ्यालाही मग तशीच काढली, निदान जोडी तरी दिसावी म्हणून. घामानं माझी पाठ भिजली होती. शेवटी मी बाजूला झाले.

पुढच्या रांगेत बसलेले दाजींचे एक म्हातारे मामा पुढं वाकले, डोळे बारीक करून बघितलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "शेळ्या बेस आल्यात. डावीकडची गाभण हाय."

पहिल्या हसल्या सुमनवहिनी. दाराची चौकट धरून, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग शाळेतल्या बायका, मग दाजी, आणि मग सगळी खोली. भन्तेजींनी चीवराचं टोक तोंडाला लावलं. आणि माझी अक्का, जिचा संसार त्या भिंतीवर टांगलेला होता, ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसली नाही ती मी, आणि हेडबाई.

हेडबाई भिंतीजवळ गेल्या, नीट बघितलं. "खाली नाव टाक," म्हणाल्या.

"शकुंतला?" मी विचारलं. सवय, दुसरं काय.

"तिचं कामून? तुझं टाक. तुझ्या हातानं तुझं नाव."

मी लिहिलं, मंदाकिनी. वळणदार अक्षरात. नाव तेवढं सुंदर आलं. मग हेडबाई अक्काकडं वळल्या. तिला उठायला हात दिला. "ऊठ. जेवायला वाढायचंय. तुझा बाप खोटं बोलला, तू बोलली न्हाईस. ते मी लक्षात ठेवीन." एवढंच. चित्रवाली हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नाही. आणि पुढच्या पाहुण्यांसमोर, चहाचे कप आले तेव्हा, हेडबाईंचं बोट सुमनवहिनींच्या दिशेनं उठलं आणि अर्ध्या वाटेत भिंतीकडं वळलं. "ह्या शेळ्या बघितल्या का? आमच्या शकुंतलेच्या बहिणीनं काढल्यात. हरणं काढायला आली होती." त्या दिवसापासून घरात पाहुण्यांना दाखवायला दुसरं काही तरी मिळालं. मशीन कधी तरी विकली गेली. नांदेडच्या त्या गल्लीत मात्र आजही मी शेळीवाली मावशी आहे, आणि माझी नातसुद्धा तिथं शेळीवालीची नात.

माझ्या चांगल्या काचा कुठं कुठं आहेत, कुणास ठाऊक. किल्लारीला गेलेली भूकंपात त्या घराबरोबर गेली. जिचं नाव त्या काचेवर होतं, ती माझी मैत्रीण वाचली, म्हणून काचेचं मी कधी विचारलं नाही. किनवटची म्हणे एका नातसुनेच्या खोलीत आहे, आणि ती सांगते, आमच्या आजेसासूबाई फार सुंदर चित्रं काढायच्या. काढायच्या हो, का नाही काढायच्या. तेलात कालवलेले, मखमलीनं प्यालेले, चांदीनं चमकवलेले एवढे सगळे प्रकार केले मी, आणि माझ्या नावानं उभं असलेलं चित्र जगात एकच आहे, दाढीवाल्या दोन हरणांचं.

म्हणून ही ॲक्रिलिकची पेटी आली तेव्हा मी ठरवलं, आता वेळ घालवायचा नाही. कालच नातीला घेऊन नांदेडला गेले. हेडबाई जाऊन खूप वर्षं झाली. त्या असताना आणि नंतरही भिंतीला कितीदा तरी रंग लागला, आता तर गुलाबी डिस्टेंपर आहे. पण प्रत्येक रंगारी झाडाच्या आणि शेळ्यांच्या भोवतीनं ब्रश फिरवून गेलाय. तेवढाच तुकडा जुन्या चुन्याचा, पांढरा. अक्का आत चहा टाकत होती. मी गुपचूप स्टूल ओढलं, पेटी उघडली. जास्त काही नाही, नुसते कान थोडे उभे करायचे, दाढी पुसायची आणि शिंगं लावायची. एवढ्या वर्षांच्या सरावानं एवढं तर जमतंच मला. तपकिरी रंग पाण्यात कालवला, ब्रश उचलला.

मागं काठीचा आवाज झाला. माझी अक्का, गुडघे गेलेली, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात काठी. ती काठी तिनं स्टूल आणि भिंत यांच्या मधे आडवी धरली.

"उतर खाली," ती म्हणाली. "माझ्या शेळ्यांना हात लावायचा न्हाई."